नवे कोच मॅचमध्ये ओरडतच नाहीत. पोरांनी जुळवून कसं घ्यायचं?

मधला पट्टा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. विषय सोलापुरातल्या एका कॉलेजच्या फुटबॉल संघाचा आहे, नावात जायला नको. कागदावर २२ पोरं, मैदानावर १६ ते १८. आधीचे सर बरीच वर्षं होते, जुलैपासून नवे आलेत. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला साधारण सहा आठवडे आहेत.

आधीची पद्धत अशी: ४-४-२ (चार बचावाला, चार मध्ये, दोन पुढं), गोलकीनं लांब मारायचं, स्टॉपरनं (मधल्या बचावपटूनं) उचलून मारायचं, दोघा फॉरवर्डनी पळायचं. मॅचभर लाइनवरून सरांचा आवाज. कुणी कुठं उभं राहायचं, थ्रो कुणी टाकायचा, पेनल्टी कुणाची, सगळं बाहेरून. उशीर झाला की पाच राउंड. प्रॅक्टिस दोन तास, त्यातला पाऊण तास नुसतं पळणं.

आता: ४-३-३, बॉल मागून खेळत आणायचा. प्रॅक्टिस ७५ मिनिटं. राउंड बंद, त्याजागी २० मिनिटांचा ठरलेला वॉर्म-अप. रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर 'आज किती जड गेलं' याचा आकडा टाकायचा. उशीर झाला तर एक शब्द बोलत नाहीत, पण पुढच्या मॅचला पहिल्या अकरात नाव नसतं. मॅच सुरू असताना बाकावर बसून वहीत लिहितात. हाफटाइमला विचारतात, "तुम्हाला काय दिसलं?" आणि पोरं बुटांच्या नाड्या बघत बसतात. दोन मिनिटं.

सरावाच्या दोन मॅच हरल्या. चारातले तीन गोल आपल्याच डीजवळ (गोलसमोरच्या मोठ्या चौकटीजवळ) बॉल घालवून खाल्ले. सरांना काही येत नाही अशी कुजबुज सुरू झालीय. पोरांनी बदलायचं की सरांना बदला म्हणायचं? आणि म्हणायचं तर कुणी, कसं?

शेंगाचटणी

हाफटाइमला दोन मिनिटं शांतता? समोरच्या टीमला वाटलं असेल श्रद्धांजली चाललीय.

काळी माती

कोच नंतर, आधी मैदान सांगा. कुठल्या मैदानावर मागून पासिंग चाललंय? सोलापूरची माती काळी. ओली झाली की फुगते, सुकली की भेगा पडतात. पाऊस थांबल्यावर ओल्यात खेळलं की बुटांचे खळगे तसेच राहतात आणि तीन दिवसांनी तेच खळगे दगड होतात. त्यावर दहा मीटरचा जमिनीवरचा पास दोनदा उडतो. घेणाऱ्याच्या नडगीला लागून बॉल सुटतो आणि आपण म्हणतो पोराला ट्रॅप (बॉल पायाशी अडवणं) येत नाही.

बॉल घालवला म्हणता त्या जागा वहीवर काढा. तिन्ही गोल एकाच बाजूच्या डीजवळ असतील तर दोष जमिनीचा असू शकतो. आणि भेगांत मुरूम भरू नका. पावसानं माती फुगली की मुरूम वर येतो आणि पोरांचे गुडघे सोलतो. तीच माती कोरडी, बारीक करून भरायची, हलकं पाणी मारायचं, ओल बोटाला लागेल पण चिकटणार नाही अशा वेळी रोलर. चिखलात रोलर फिरवला की वर पापडी धरते आणि खाली पाणी तुंबतं.

आपल्याकडे पावसाचा जोर सप्टेंबरात. म्हणजे तुमचे सहा आठवडे नेमके त्यातच.

डावखुरा

हे सगळं ठीक आहे मालक, पण मूळ मुद्दा वेगळाय. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांना "तुम्हाला काय दिसलं" विचारून काय होणार? पोरं कॉलेजात शिकूलालेत, कोचिंगचा कोर्स नाही करूलालेत. लाइनवर आवाज पाहिजे. विंगर मागं यायचा विसरला तर त्याला त्याच क्षणी सांगायचं, हाफटाइमला सांगून गोल परत येतोय काय? गप्प कोच म्हणजे पगारी प्रेक्षक.

शेंगाचटणी

पगारी? कुठल्या कॉलेजात?

शिट्टी

रेफ्रीच्या बाजूनं चार गोष्टी.

एक, बाकासमोरच्या आखलेल्या चौकोनातून एका वेळी एकाच माणसानं सूचना द्यायच्या असतात. सहायक, मॅनेजर, माजी विद्यार्थी असे चौघं ओरडले तर चौथा अधिकारी किंवा रेफ्री थांबवतो. दोन, २०१९ पासून बाकावरच्या पदाधिकाऱ्यांनाही पिवळं-लाल कार्ड दाखवता येतं, आणि कोण बोललं हे कळलं नाही तर कार्ड मुख्य कोचच्या नावावर जातं. तेव्हा सतत ओरडणं फुकटात मिळत नाही.

तीन, मागून खेळायचं तर गोल किकचा नियम पोरांना पाठ हवा. तोही २०१९ लाच बदलला: किक मारून बॉल हलला की तो खेळात आला, आपला खेळाडू डीच्या आत उभा राहून घेऊ शकतो. समोरच्यांनी मात्र किक होईपर्यंत डीबाहेर थांबायचं. बरेच संघ अजून डीबाहेर पास टाकायच्या नादात गोंधळ घालतात. चार, २०२५ च्या नियमांनुसार गोलकीनं हातात बॉल आठ सेकंदांहून जास्त ठेवला तर समोरच्यांना कॉर्नर मिळतो. शेवटची पाच सेकंदं रेफ्री हात वर करून बोटांनी मोजतो. जुन्या सवयीचा गोलकी बाहेरून "मार" ऐकू येईपर्यंत थांबणार असेल तर कॉर्नर बसलाच समजा.

पी.टी.चा तास

@डावखुरा, तुमचं म्हणणं अगदीच चूक नाही, पण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्यात.

बी.पी.एड.ला (शारीरिक शिक्षणाच्या पदवीला) शिकवतात ते पी. चेल्लादुराई यांचं मॉडेल इथं चपखल बसतं. चेल्लादुराई मूळचे भारतातले, मद्रास विद्यापीठात शिकलेले. त्यांनी आणि सालेह यांनी १९८० मध्ये कोचच्या वागणुकीची मोजपट्टी काढली. ४० विधानं, पाच बाजू: शिकवणं आणि सूचना, खेळाडूंना विचारून ठरवणं, स्वतःच ठरवणं, माणूस म्हणून आधार, आणि चांगलं केलं की तसं सांगणं. मॉडेल म्हणतं, कोचच्या वागण्याला तीन बाजूंनी बघा. परिस्थितीला काय लागतं, कोच खरंच काय करतो, खेळाडूंना काय हवंय. तिन्हींचा मेळ बसला की खेळ आणि समाधान दोन्ही वाढतात.

इथं बिघडलंय ते असं: पोरांना सूचनांची सवय, सर विचारतात. सर सूचना देत नाहीत असं मात्र नाही. प्रॅक्टिसमध्ये देतात, मॅचमध्ये देत नाहीत. धागाकर्त्यानं प्रॅक्टिसबद्दल तक्रार केलेलीच नाही, हे बघा. म्हणजे 'येत नाही' हा निष्कर्ष मॅचमधल्या शांततेवरून काढलाय.

आणि पाच राउंडची शिक्षा ही सूचना नव्हे. त्यातून पोराला उशिरा न येण्यापलीकडे काही कळत नाही. तेही तो डोळा चुकवून आला नाही तर.

गोलकी नं. १

आता कामाचं. बाहेरचा एक आवाज गेला की आतून अकरा आवाज यायला हवेत, नाहीतर ती जागा रिकामी राहते. तुमची हार तिथं आहे. बॅकला मागून माणूस येतोय हे आधी सर सांगायचे, आता कुणीच सांगत नाही.

सोलापुरात त्यात आणखी एक गाठ. एका अकरात मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी चारही बोलणारी पोरं असतात. घाईच्या क्षणी माणूस घरच्या भाषेत ओरडतो. गोलकी "वदिलेय" म्हणतो, स्टॉपर "बिडु" म्हणतो, बॅक "छोड" म्हणतो, तिघांचा अर्थ 'सोड' आणि चौथा बॉलला पाय लावून मोकळा. म्हणून शब्द ठरवा. सहाच, जास्त नकोत:

"माझा" (मी घेतोय, बाकीचे बाजूला), "मागं" (तुझ्यामागं माणूस), "वेळ" (ट्रॅप कर, वर बघ), "फिर" (वळायला जागा आहे), "लांब" (खेळू नको, मार), "वर" (बचावाची फळी पुढं).

पाचच पोरांना एका वेळी बोलायचं काम द्या. "वर" फक्त गोलकी आणि डावा स्टॉपर म्हणणार. "मागं" पास देणारा म्हणतो, कारण त्यालाच दिसतं. पास आणि शब्द एकत्र सुटले पाहिजेत, शब्द नंतर आला तर उपयोग शून्य. सरावाला ४ विरुद्ध २ चा चौकोन, ८ बाय ८ मीटर. पास दिला पण शब्द दिला नाही तर पास चांगला असला तरी तो आत. पहिल्या दिवशी सगळे एकदम "वेळ वेळ" ओरडतात आणि वेळ नसतो. दोन-तीन दिवसांत खोटा शब्द देणारा कोण ते सगळ्यांना कळतं.

शिट्टी

पुरवणी: "सोड" म्हणताना नाव घेतलं नाही तर फाउल, ही गल्लीतली समजूत आहे. समोरच्याला फसवण्यासाठी, त्याचं लक्ष उडवण्यासाठी ओरडलात तर मात्र पिवळं कार्ड आणि इनडायरेक्ट फ्री किक. आपल्या माणसाला सांगताय तोवर कुठलीही भाषा चालते.

डावखुरा

@पी.टी.चा तास, मोजपट्टी वाचून बॅक मागं येत नाही सर. पण गोलकीभाऊचं पटलं. आतून आवाज येणार असेल तर बाहेरचा नको, मान्य. नसेल येत तर सहा आठवडे बाहेरचा चालू ठेवा एवढंच माझं म्हणणं.

परदेशी पाटील

'कॉलेज फुटबॉल, नवा कोच' वाचून आलो, म्हटलं सोलापूरकर हेल्मेट घालायला लागले की काय! इकडे अमेरिकेत हा शब्द वेगळ्याच खेळाचा. पण कोच बदलल्यावरची पंचाईत तीच. फरक एवढाच की इकडे नव्या कोचला नियमानं वसंतात १५ प्रॅक्टिस मिळतात, ऑगस्टात पुन्हा शिबिर, हाताखाली आक्रमणाचा वेगळा आणि बचावाचा वेगळा प्रमुख. ज्याला पटत नाही तो २०१८ पासून सुरू झालेल्या ट्रान्सफर पोर्टलमध्ये नाव टाकतो आणि दुसऱ्या विद्यापीठात जातो. कोच गेला की मागोमाग पोरंही जातात.

एक गोष्ट घेण्यासारखी. नवा कोच पहिल्या बैठकीत खेळाच्या आखणीआधी शब्दसंग्रह देतो. त्याच हालचालीला जुना कोच एक नाव देत असे, नवा दुसरं देतो, पोरांना वाटतं सगळंच नवीन आहे. जुन्या-नव्या नावांचा तक्ता केला की निम्मं जुनंच निघतं.

शेंगाचटणी

आपल्याकडचं ट्रान्सफर पोर्टल म्हणजे पार्क चौकात चहा पिताना दुसऱ्या कॉलेजच्या पोरानं "तू पुढच्या वर्षी आमच्याकडं ये बे" म्हणणं.

बदली खेळाडू

हाफटाइमच्या शांततेवर उपाय आहे आणि तो बाकावरच बसलेला असतो.

पोरं गप्प बसतात कारण प्रश्न फार मोठा आहे. दमलेल्या माणसाला "काय दिसलं" विचारलं की त्याला काहीच दिसत नाही. दोन राखीव पोरांना कागद द्या. त्यावर मैदान, लांबीत तीन भाग आणि रुंदीत तीन, असे नऊ चौकोन. एकानं आपला बॉल जिथं गेला तिथं फुली मारायची, दुसऱ्यानं समोरच्यांचा बॉल आपण जिथं घेतला तिथं टिंब. ४५ मिनिटांत कुठल्या चौकोनात गर्दी झाली ते लांबूनच दिसतं.

हाफटाइम १५ मिनिटांहून मोठा नसतो, आपल्याकडे बऱ्याचदा दहाच. पहिली तीन मिनिटं पाणी, बूट, पट्टी. कुणीही बोलायचं नाही. मग कागद मध्ये ठेवायचा. तिघंच बोलणार, एकेक वाक्य: गोलकी (त्याला पूर्ण मैदान दिसतं), मधला हाफ, आणि कागदवाला राखीव. वाक्यात जागा आली पाहिजे. "आपण नीट खेळत नाही" चालणार नाही. "डाव्या बॅकमागं जागा उघडी पडतेय, त्यांचा सात नंबर तिथंच पळतोय" चालेल. त्यानंतर सर एक दुरुस्ती सांगतील. एकच. शेवटची दोन मिनिटं उभं राहून पाय हलवायचे.

सहसा चुकतं कुठं? कॅप्टन सगळं स्वतः बोलतो. किंवा तिघांतला एक जण दुसऱ्याच्या चुकीचं नाव घेतो आणि उरलेला वेळ भांडणात जातो. आपल्या पोराचा नंबर नाही, नाव नाही, फक्त जागा, हा नियम आधी ठरवा.

काळी माती

नऊ चौकोनांचा कागद झकास. त्यावर खराब जमिनीचे चौकोन आधीच पेन्सिलनं भरून ठेवा, म्हणजे माझा पहिला प्रतिसाद वाया जाणार नाही.

फिजिओ आहे

रात्रीच्या आकड्याबद्दल कुणीच बोललं नाही. ती पद्धत साधी आहे. प्रॅक्टिस किती जड गेली याला ० ते १० मधला आकडा, गुणिले मिनिटं. सोमवारी ७५ मिनिटं आणि आकडा ६, म्हणजे ४५०. बुधवारी ७५ ला ८, म्हणजे ६००. शुक्रवारी ६० ला ४, २४०. आठवड्याचे झाले १,२९०. पुढच्या आठवड्यात हे एकदम दोन हजारांवर गेलं तर पोटऱ्या आणि जांघा बोलायला लागतात. सरांना वहीत हेच बघायचं असतं.

आकडा प्रॅक्टिसनंतर साधारण अर्ध्या तासानं द्यायचा. लगेच दिला तर शेवटचं स्प्रिंटच आठवतं, रात्री अकराला दिला तर जेवून सगळं हलकं वाटतं. आणि तो ग्रुपवर नका टाकू! पहिल्यानं ५ टाकला की खालचे सतरा ५ टाकतात. सरांना वैयक्तिक पाठवा. ८ टाकला की बाहेर बसवतील ही भीती असेल तर सगळी पद्धत पाण्यात. सरांना हे तोंडावर विचारा: जास्त आकडा टाकणाऱ्याचं काय करता?

२० मिनिटांचा वॉर्म-अप म्हणताय तो बहुतेक फिफाचा ११+ असावा: ८ मिनिटं हळू पळत सहा प्रकार, १० मिनिटं ताकद-उड्या-तोल, २ मिनिटं वेगानं. पंधरा प्रकार एकूण. त्यात गुडघ्यावर बसून, जोडीदारानं घोटे धरून, शरीर सरळ ठेवत हळूहळू पुढं पडायचं एक असतं. सुरुवात ३ ते ५ वेळांपासून. पोरं पैज लावून पहिल्या दिवशी पंधरा करतात आणि दोन दिवस वर्गात बाकावर बसता येत नाही, मग म्हणतात सरांनी पाय घालवले. कंबरेत वाकलं की मांडीमागच्या स्नायूला काम लागतच नाही, तेवढं जोडीदारानं बघायचं.

पाण्याचं: प्रॅक्टिसआधी आणि नंतर वजन करा, कमी कपड्यांत, घाम पुसून. ६२ चा ६१ झाला आणि मध्ये अर्धा लिटर प्यायला, म्हणजे दीड लिटर घाम गेला. ऑक्टोबरच्या उन्हात सोलापुरात हे सहज होतं. ओआरएस घेणार असाल तर पाकीट १ लिटरचं आहे की २०० मिलिलिटरचं ते वाचा. मोठं पाकीट पेलाभर पाण्यात ढवळून पिणारे महाभाग आहेत.

हैदराबादी हाफ

अवांतर: नवी पद्धत म्हटलं की १९९७ चा फेडरेशन कप आठवतो. कोच अमल दत्तांनी मोहन बागानला 'डायमंड' नावाच्या रचनेत खेळायला लावलं, सगळीकडे गाजावाजा, आणि सेमीफायनलला कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर ईस्ट बंगालनं ४-१ नं धुतलं. भाईचुंग भुतियाची हॅट्ट्रिक. ईस्ट बंगालच्या बाकावर पी. के. बॅनर्जी, त्यांचं बोलून पोरं पेटवणं प्रसिद्ध. डावखुऱ्याच्या बाजूचा पुरावा समजा.

पी.टी.चा तास

पुरावा अर्धाच. अमल दत्ताही गप्प बसणाऱ्यांतले नव्हतेच, मॅचआधी जाहीरपणे समोरच्यांची टिंगल करून मोकळे झाले होते. आणि तुमच्याच हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम? पेशानं शिक्षक. त्यांच्या हाताखाली भारतानं १९५१ आणि १९६२ ला आशियाई सुवर्ण घेतलं, १९५६ ला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा नंबर. ओरडण्याच्या जोरावर हे होत नाही.

हैदराबादी हाफ

रहीमसाहेबांचं नाव आलं की इथं कुणाचं काही चालत नाही. माघार.

स्टॉपर

बरं, मागून खेळण्याच्या गोलांकडे येऊ, कारण कुजबुज त्यामुळंच आहे.

गोल किकला दोन्ही स्टॉपर डीच्या दोन कोपऱ्यांत, बॅक साइडलाइनला चिकटून, मधला हाफ डीच्या चापाजवळ. गोलकीनं बॉल ठेवायच्या आधी समोरचे किती वर आलेत ते मोजायचं. एक किंवा दोन आले तर खेळा. तीन आले तर "लांब", आणि लांब म्हणजे मध्ये नव्हे, साइडलाइनकडे, उंच विंगरच्या डोक्यावर. बाकीच्या दोघांनी बॉल पडण्याआधीच तिकडं सरकायचं. सहसा नेमकं हेच होत नाही. गोलकी लांब मारतो आणि मधले तिघं अजून पास मागत खाली उभे असतात. मग सुटलेला बॉल थेट परत आपल्या अंगावर.

दुसरा नियम, पहिला ट्रॅप अंगापासून एक पावलापलीकडे गेला की खेळायचा विचार सोडायचा, बाहेर मारायचा. थ्रो गेला तर गेला. सरांना हे विचारा, ते नाही म्हणणार नाहीत. बॉल मागून आणणारा कुठलाही कोच पोरांना डीत नाचायला सांगत नाही.

तिसरं बारीक आहे. डावीकडचा स्टॉपर उजव्या पायाचा असेल तर त्याचा ट्रॅप आत येतो, नेमका जिथून फॉरवर्ड दाबायला येतो तिथं. डाव्या बॅकला पास द्यायला त्याला एक टच जास्त लागतो. तुमचे तीन गोल त्या बाजूनं गेलेत का बघा.

काळी माती

आणि बॉलची हवा. नियमात ०.६ ते १.१ वातावरण, म्हणजे ८.५ ते १५.६ पीएसआय. आपल्याकडे बॉल टणटणीत फुगवायची खोड आहे. टणक सुक्या मैदानावर ९-१० ठेवला तरी नियमात बसतो आणि उडी कमी होते. मॅचच्या बॉलची हवा रेफ्री बघतो, पण प्रॅक्टिसचा तुमच्या हातात आहे.

प्रॅक्टिकलवाली बॅच

उशिराच्या नियमाबद्दल. बी.एस्सी.च्या पोरांची प्रॅक्टिकल पाचपर्यंत चालतात, प्रॅक्टिस साडेचारला. आधी पाच राउंड मारले की हिशोब फिटायचा, आता न बोलता नाव जातं, त्यामुळं विज्ञानाच्या पोरांवर अन्याय होतो आणि बी.ए.ची पोरं निवांत. उपाय सोपा: रविवारी रात्री आठवड्याची यादी सरांना द्यायची, कोण कुठल्या वारी किती वाजता येणार. सांगून उशीर वेगळा, न सांगता वेगळा. सरांना वेळापत्रक माहीत नसणार, ते जुलैत आलेत.

आणि स्पर्धा पुढं गेली तरी जानेवारीत सोलापूरचं होम मैदान (हे त्याचं नावच) धरून चालू नका, सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा (जत्रा) तिथं भरतो.

मधला पट्टा

खूप आभार. बॉल घालवलेल्या जागा कागदावर काढून बघितल्या. तिन्ही गोल डाव्या बाजूनं आणि तिथला स्टॉपर उजव्या पायाचाच आहे. @स्टॉपर, कमाल. मैदानाचा तोच कोपरा खडबडीतही आहे, म्हणजे @काळी माती पण बरोबर.

मूळ प्रश्नाचा शेवटचा भाग उरला. सरांशी बोलायचं कुणी आणि कसं?

डावखुरा

सगळ्यांनी मिळून जाऊ नका. अठरा पोरं केबिनसमोर उभी राहिली की ते मोर्चा वाटतं. (हे माझ्याकडून येतंय म्हणजे बघा.)

पी.टी.चा तास

चौघं जा: कॅप्टन, गोलकी, विज्ञान शाखेचा एक आणि पहिल्या वर्षाचा एक. पहिल्या वर्षाचा हवाच, त्याला जुन्या सरांची सवय नाही. मॅचच्या दिवशी नाही, हरल्याच्या रात्री तर नाहीच. प्रॅक्टिस नसलेल्या दिवशी, दहा मिनिटं मागून घ्या.

"आधीचे सर असं करायचे" हे वाक्य घरी ठेवून जा. "हे पासिंग आम्हाला जमत नाही" असंही नको. असं म्हणा: "सर, डावीकडं बॉल घालवतोय. तिथला स्टॉपर उजव्या पायाचा आहे, दोघांच्या जागा बदलून पाहू का?" आवाजाचं: "मॅचमध्ये पहिली पंधरा मिनिटं तुम्ही दोनच शब्द बाहेरून द्याल का, 'वर' आणि 'लांब'? पुढचं आम्ही आतून बोलू." म्हणजे डावखुऱ्यांची मागणीही त्यात आली.

आणि एक कागद न्या, ज्यावर कोण काय ठरवणार ते लिहून मिळेल. पहिले अकरा आणि बदली: सर. पेनल्टी, थ्रो, भिंतीत कोण: कॅप्टन. खेळायचं की लांब मारायचं: गोलकी. उशिराची यादी: उपकॅप्टन. मधल्या गोष्टी कुणाच्याच नसतात आणि भांडणं तिथंच होतात, मग त्यासुद्धा लिहा. फ्री किकला कोण बॉलजवळ उभं राहणार, हे धरून.

बदली खेळाडू

राखीव पोरांना किती वेळ मिळणार तेही विचारा. किती बदली करता येतात हे स्पर्धेच्या पत्रकात असतं, ते आधी वाचून जा, उगाच पाचाचा हट्ट धरू नका.

मधला पट्टा

शनिवारी चौघं जाऊन आले. स्टॉपरच्या जागा बदलायला सर लगेच तयार. वहीत तेच लिहिलं होतं म्हणे, पोरांच्या तोंडून येईल याची वाट बघत होते. पंधरा मिनिटांचे दोन शब्द मान्य, पण तीन मॅचपुरतेच. आकडा वैयक्तिक पाठवायचा. ८ टाकणाऱ्याला दुसऱ्या दिवशी पळणं कमी, बाहेर नाही, हेही स्पष्ट झालं. उशिराच्या यादीला हो. पेनल्टी कॅप्टनकडे द्यायला मात्र नाही म्हणाले, ती सरच ठरवणार.

सोमवारपासून सहा शब्द सुरू. पंप आहे, पण हवा मोजायचा गेज नाही. कुणाकडे आहे का?

शेंगाचटणी

सायकलवाल्याकडचा चालेल की.

काळी माती

नाही चालणार. तो शंभराच्या पुढं मोजणारा असतो, ९ आणि १२ मधला फरक त्यावर काट्याच्या जाडीत जातो. ० ते २० चा बॉलसाठीचा वेगळा मिळतो, तो घ्या. सुई घालताना ओली करून सरळ घाला. कोरडी किंवा तिरकी घातली की व्हॉल्व्ह फाटतो आणि बॉल रोज सकाळी मऊ.